डावा स्पीकर

टेलरमास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची मापं अचूक घेतली, पण घरच्या वाटणीत त्यांची कात्री अशी काही तिरकी चालली की विचारू नका. वडिलांच्या मागे सगळी चीजवस्तू वाटून झाली आणि शेवटी उरली लाकडी स्पीकरची जुनी जोडी, कमरेएवढ्या उंचीची. वडील रोज संध्याकाळी दोन्हींच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे. जोडी दोघा भावांना हवी.

"तुला नको, मला नको," मास्तर तावातावाने म्हणाले, "एकेक घेऊ!"

धाकटाही हट्टाला पेटलेला. त्यानं डावा उचलून खांद्यावर टाकला आणि चालता झाला. पायजम्याचा एकेक पाय वाटून घ्यावा, तशी ही वाटणी!

पुढे चौदा वर्षं दोघांत अबोला. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. धाकटा बस चालवायचा आणि मास्तरांच्या दुकानावरून जाताना हॉर्न तेवढा वाजवायचा. "मुद्दाम करतो मेला," असं मास्तर पुटपुटायचे, आणि एखाद्या दिवशी हॉर्न वाजला नाही तर हातातलं काम टाकून दोनदा दाराशी येऊन बघायचे.

मागच्या महिन्यात धाकटा झोपेतच गेला. मास्तर त्याच्या घरी गेले, अंगणात उभे राहिले. चौदा वर्षं जे तोंड उघडलं नाही, ते आता कशासाठी उघडायचं? तसेच परतले.

आठ दिवसांनी भावजय हातगाडीवर डावा स्पीकर घालून दारात हजर. "दादा, जोडी आहे. एकत्र असू द्या," एवढंच म्हणाली.

मास्तरांनी दुकान लवकर बंद केलं, मधोमध खुर्ची मांडली आणि वडिलांची व्हायोलिनची तबकडी लावली. उजवीकडून तारा लख्ख वाजत होत्या. डावीकडून मात्र कुणी उशीत तोंड खुपसून बोलावं तसा आवाज. ट्विटर म्हणजे पेटीच्या वरच्या अंगाचा वाटीएवढा स्पीकर. बारीक आवाज सगळा त्याच्याकडे. तोच मुका.

मास्तरांनी दोन्ही पेट्यांच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. दोष डाव्यातच राहिला. मागच्या बटणात घाण बसली असेल म्हणून ते पन्नास वेळा फिरवलं. काही नाही.

"लहानपणापासून एक वस्तू धड ठेवली नाही त्यानं!" असं म्हणाले आणि स्वतःशीच ओशाळले. त्याच्याशी बोलायचं राहून गेलं होतं. निदान त्याची पेटी तरी बोलावी, एवढंच त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेट्या रेडिओवाल्याकडे. तो त्यांचा जुना मेकॅनिक. डाव्या पेटीकडे पाहून तो उगाच पाना पुसत बसला.

"मास्तर, राहू द्या. आहे तशी ठेवा."

"कंडेन्सर गेला असेल. बदल."

"कंडेन्सर ठीक आहे."

"न उघडताच कळलं? ज्योतिषी कधी झालास?"

तेवढ्यात मास्तरांना पेटीच्या पुढच्या काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसले. वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड. असे टाके जगात एकच माणूस घालायचा. त्याला बटण लावायला मास्तरांनीच शिकवलं होतं. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि टाके उसवले.

आत ट्विटरच्या जागी गोल भोक, त्यावर लाकडाची फळी, आणि पट्टी गुंडाळलेल्या दोन वायरी.

"ट्विटर कुठाय?"

"तुमच्यात," रेडिओवाला म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी तुमचा जळला तेव्हा मी आणून बसवला ना? तो आता कुठे बनतच नाही, मास्तर. मी तुमच्या भावाजवळ सहज बोललो, तर दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन दारात. म्हणाला, इंजिनाच्या धडधडीनं माझे कान कामातून गेलेत. दादाचे कान तिखट आहेत, त्याला दे. आणि सांगू नकोस, नाहीतर काढून परत पाठवेल."

मास्तर बराच वेळ कात्रीची उघडझाप करत राहिले.

"पाठवलाच असता," ते म्हणाले. मग म्हणाले, "काढ माझ्यातला. त्याच्यात बसव."

"मग तुमची मुकी होईल."

"होऊ दे."

अर्ध्या तासात डावा स्पीकर बोलू लागला. रेडिओवाल्यानं लावलेली तबकडी चालू असतानाच मास्तर त्याच्यापुढे मांडी घालून बसले आणि सुईत पांढरा दोरा ओवून कापड शिवायला लागले. जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच, एक लांब, एक आखूड.

"मास्तर, तिरकं जातंय," रेडिओवाला हळूच म्हणाला.

"जाऊ दे," मास्तर म्हणाले.