त्याचे मचवे पाण्यावर तरंगायचे

मी श्रीवर्धनच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. माझा मित्र गलबतांच्या मालकाचा धाकटा मुलगा. वडिलांचा व्यापार पार आफ्रिकेपर्यंत. मुंबईला चित्रकलेच्या वर्गात आम्ही एकाच बाकावर बसायचो. परीक्षेत मी पहिला आलो होतो आणि तो कसाबसा पास झाला होता, हे मी आजही सांगितल्यावाचून राहत नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच आम्ही खाडीवर जाऊन बसायचो. समोर नांगरलेले मचवे, भरतीचं संथ पाणी. मी आधी पेन्सिलीनं डोलकाठ्या मोजूनमापून आखायचो, मग रंगाचा एकेक थर वाळवत बसायचो. खाऱ्या हवेत कागद लवकर वाळतही नसे. तो ओल्या कागदावरच कुंचला टेकवायचा आणि गप्पा मारता मारता मचव्याची सावली खाली ओघळू द्यायचा. मध्येच कुठंतरी कागद कोरा सोडायचा, की पाणी चमकलंच! माझं पाणी फरशीसारखं दिसे.

"कसं करतोस रे हे?" मी एकदा न राहवून विचारलं.

"अल्ला जाणे! रंग जाईल तिकडं जाऊ देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका दिवाळीत आमचे मुंबईचे गुरुजी आगबोटीनं आले. माझी चित्रं बघून म्हणाले, "मेहनत घेतलीस." मित्राचं एक चित्र हातात घेतलं मात्र, आणि खुदकन हसले. जाताना ते चित्र मागून घेऊन गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढं वडिलांनी मित्राला झांजिबारच्या पेढीवर धाडलं. मला सुटल्यासारखं वाटलं. खाडी आता माझ्या एकट्याची झाली. वर्षानुवर्षं मी तेच मचवे काढत राहिलो. हळूहळू ते पाण्यावर तरंगायला लागले. मुंबईच्या एका प्रदर्शनात माझं चित्र लागलंसुद्धा. पण मनात एकच इच्छा होती: त्यानं ते पाहावं आणि जळावं.

तो परतला तेव्हा अंगानं चांगला भरला होता. मी त्याला खाडीवर नेलं आणि चित्र पुढं केलं.

"वा, मास्तर! जमलं की तुला!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात मी खोट शोधली. ती नव्हती.

"आता तू काढ एक," म्हणत मी कुंचला त्याच्या हातात दिला.

इतक्या वर्षांत कुंचला न धरल्यानं हात पार गेला होता त्याचा. रंगाचा चिखल झाला, मचवा बुडाल्यासारखा दिसायला लागला. मला आतून गुदगुल्या झाल्या. आता याचा चेहरा पडणार, म्हणून मी टक लावून पाहत होतो. तो पोट धरधरून हसला.

"गेलं की रे सगळं!" त्यानं कागद चुरगळला, पाण्यात हात धुतले. "चल, अम्मानं भाकऱ्या केल्यात. निवतील."

एवढी देणगी हातची गेली होती आणि या माणसाला भूक लागली होती! मला एखादी सावली बिघडली तर आठवडाभर कुणाशी बोलवत नसे. त्याच्यामागून वाट चालताना माझं काळीज पूर्वीपेक्षाही जास्त जळत होतं.