सिस्टर आणि कोऱ्हाळ्याची पोर

"आधी सोडा तिला, मग काय ते सांगा." पेशंटला बांधून आणणाऱ्या नातेवाइकांना आमच्या सिस्टर एवढंच म्हणायच्या आणि गाठ सुटेपर्यंत नुसत्या बघत उभ्या राहायच्या. नव्वदच्या दशकात बारामतीतल्या त्या छोट्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मनाच्या आजाराचे डॉक्टर आठवड्यातून एकदा पुण्याहून येत.

कोऱ्हाळ्याची चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी अशीच लुगड्यानं बांधून जीपमधून आणली. झोप उडालेली, दोनदा विहिरीकडे धावलेली. एवढ्या लहान पेशंटला ठेवायला जागा कुठेच नव्हती. पुण्याच्या मनोरुग्णालयात पाठवलं तर मोठ्या बायकांत टाकतील, म्हणून सिस्टरांनी डॉक्टरांना गळ घालून तिला बाळंतिणींच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळवली. बाळंतिणींच्या सासवा कुरकुरल्या. पोर आजारी आहे, भूत नाही, असं त्यांना सुनावून सिस्टर कामाला लागल्या.

त्या तिला स्वतः भरवायच्या. इंजेक्शन देताना दुखणार नाही असं खोटं कधी सांगायच्या नाहीत. हळूहळू मुलगी झोपू लागली. एकदा शेजारचं बाळ रडलं तेव्हा तिनं उठून झोळीला झोका दिला. सिस्टर दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होत्या.

मग तिचे वडील न्यायला आले.

"आबा, अजून पंधरा दिस ऱ्हाऊ द्या तिला," सिस्टर म्हणाल्या.

"बाई, दवाखान्याचं नाव निघालं तर हिला कोण करून घेईल? मला लेक उजवायची हाय."

सिस्टरांनी खूप समजावलं. शेवटी गोळ्या कशा द्यायच्या ते आईला पुन्हा पुन्हा सांगून त्यांनी मुलीला जीपपर्यंत पोचवलं.

वडिलांनी गोळ्या बंद केल्या. उन्हाळ्यात मुलीला परत आणलं तेव्हा ती आईलाही ओळखत नव्हती. आता पुण्याशिवाय इलाज नव्हता. सिस्टर तिथं भेटून आल्या. केस कापलेली ती पोर मोठ्या बायकांच्या घोळक्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती म्हणे.

"मी त्या दिवशी जीपपुढं आडवी पडायला पायजे होती," त्या मला म्हणाल्या. रिटायर होईपर्यंत अधूनमधून हेच म्हणत राहिल्या. पुढं वर्षभरात त्या वारल्या.

त्यानंतर इंदापूरच्या एसटी स्टँडवर मुलीची आई भेटली. शेजारी ती मुलगी होती, अंगानं भरलेली, शांत. पुण्याच्या गोळ्या चालू होत्या, घरातलं काम करत होती.

"आमच्या सिस्टरबाई कुठं असत्यात? हिला दावायची हाय त्यास्नी."

मी सांगितलं. आई पदर तोंडाला लावून राहिली. मुलगी थोडी सरकली आणि तिनं मला बाकावर जागा करून दिली.