धुऱ्यावरची शाळा

मुलांना माती शिकवावी, निसर्गाची ओळख करून द्यावी, हा उदात्त विचार माझ्या डोक्यात आपणहून आलेला नाही. तो चुलतभावाच्या रागातून आला. आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर कोणी मला शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलवायचा.

केशोरीकडे आमची धानाची बांधी आहे, भाताचे खाचरच म्हणा. तिच्या वरच्या अंगाला चुलतभावाची. मध्ये एक धुरा, म्हणजे मातीचा बांध. पाणी अडवायला आणि भांडायला. दरवर्षी रोवणीच्या आधी तो त्याच्या बाजूने फावड्याने धुरा साफ करायचा. साफ म्हणजे कोरायचा. मग मीही माझ्या बाजूने साफ करायचो. ज्या धुऱ्यावरून एकेकाळी बैल जायचे, त्यावरून मला पोट आत घेऊन चालावे लागे. पोट वाढले आहे हे खरे, पण धुराही झिजला होता. आमचे बोलणे तर कधीच बंद पडले होते.

यंदा मी डाव टाकला. आमच्याकडे धुऱ्यावर तूर लावतात. उभ्या तुरीच्या मुळाशी फावडे घालायला कोणीही कचरतो, आणि ती तूर लेकराने लावलेली असेल तर विचारूच नका. म्हणून सातवीतल्या माझ्या मुलीला घेऊन मी धुऱ्यावर शाळा उघडली.

"ही माती वळ. लांब वळी झाली, तुटली नाही, म्हणजे ती पाणी धरून ठेवते."

तिने वळली. मग चुलतभावाच्या बाजूकडे बोट दाखवून तिने विचारले, "बाबा, आपण तूर मोठेबाबाच्या काठावर कायले लावून राहिलो?"

"तिकडे ऊन चांगलं येते."

तिने एकदा उन्हाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. पोरगी हुशार आहे. आईवर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ आपल्या नातीला घेऊन हजर. ती माझ्या काठावर तूर लावू लागली.

"लाव माय," तो मला ऐकू जाईल असे तिला म्हणाला. "लोकं धुरा खातेत, आपण तूर खाऊ."

मी माझ्या मुलीला म्हणालो, "सांग तुह्या मोठेबाबाले, कोणाचा फावडा किती झिजला ते गावाले माहीत आहे."

"तुमीच सांगा ना. समोरच तर उभे आहेत."

पोरी मात्र कामाला लागल्या. पुढच्या सुट्ट्यांमध्ये दोघी आम्हाला न विचारताच धुऱ्यावर जाऊ लागल्या. तिथेच एकदा त्यांना खेकड्याचे बीळ सापडले. चुलतभाऊ काठी आणि चिखल घेऊन ते बुजवायला आला. धान पिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की खेकड्याचे बीळ बुजवावेच लागते. मलाही ठाऊक होते. पण तो बुजवतो आहे म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला.

"बेटा, कोणाचं घर मोडू नये," मी मुलीला मोठ्याने सांगितले. "त्यातही जीव आहे."

मुलीला ते पटले. तिने नातीला पटवले. दोघींनी बिळाभोवती काड्यांचे कुंपण केले आणि आजाची काठी काढून घेतली. तो माझ्याकडे बघत थुंकला. अर्थात स्वतःच्याच बांधीत.

धान निसवायला आला आणि पाऊस गेला. पाण्याच्या थेंबाथेंबाला मोल आले. आणि चुलतभावाचे पाणी त्या बिळातून गुपचूप माझ्या बांधीत उतरू लागले. मी पाहिले. खेकड्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

एका सकाळी बिळाचे भगदाड झाले होते. धुरा तिथे खचला, चार तुरी वाहून गेल्या. त्याची बांधी कोरडी पडत होती आणि पाण्याच्या लोंढ्याने माझा निसवलेला धान आडवा झाला होता. आम्ही दोघे दोन काठांवर उभे राहून ओरडत होतो. अजूनही पोरींच्या मार्फत. पोरी ऐकत नव्हत्या. त्या भगदाडात गुडघाभर चिखलात उभ्या होत्या.

"माती आणा," नात म्हणाली.

मी माझ्या बांधीतून घमेले भरून दिले. मुलीने वळी करून पाहिली. तुटली.

"तुमची नाही चालत, बाबा. मोठेबाबाकडची आणा."

चुलतभावाच्या चेहऱ्यावर जे पसरले ते मी जन्मात विसरणार नाही. त्याने घमेल्यांमागून घमेली दिली, स्वतःच्या बांधीतली, एकदाही हिशेब न करता. माझी रेताड माती वरच्या थराला चालली. दुपारपर्यंत धुरा इतका रुंद झाला की दोघांचीही जमीन त्यात गेली. पाणी थांबले.

तो धुऱ्यावर आला. मीही चढलो. इतक्या वर्षांनी तो थेट माझ्याशी बोलला.

"काऊन बे मास्तर, खेकडा खुशाल आहे ना?"

मग मीही त्याला थेट बोललो. ते इथे लिहिता येणार नाही. त्याने त्याहून वाईट ऐकवले. तुरी थरथरल्या असाव्यात.

दोघींनी एकदम वर पाहिले.

"भांडायचं असन तर खाली उतरून भांडा," माझी मुलगी म्हणाली. "धुरा ओला आहे."

उतरलो. तो त्याच्या बांधीत, मी माझ्या.