मध्ये दलाल नको

परळच्या आमच्या प्रोटेस्टंट चर्चमधल्या एका ज्येष्ठांना सगळे मामा म्हणतात. कॅथलिकांच्या पापकबुलीवर मामांचा भारी राग. दादरला भाजी घ्यायला निघालो तरी वाटेत सुरू होतात, "लाकडी खोक्यात शिरून फादरच्या कानात पापं सांगायची. का रे बाबा? देव बहिरा आहे? मध्ये दलाल कशाला?"

मामा थेट देवाशी बोलतात. दर रविवारी, डोळे घट्ट मिटून, माइकवर. "हे प्रभू, आमच्यातली एक बहीण सुनेला धड जेवू देत नाही, तिला क्षमा कर." नाव ते कधीच घेत नाहीत, फक्त चाळ आणि मजला सांगतात.

गेल्या रविवारी म्हणाले, "प्रभू, तिसऱ्या मजल्यावरच्या एका भावाची नोकरी गेलीय. रोज डबा घेऊन निघतो आणि शिवडीच्या बागेत बसून घरी येतो. बायकोला सांगायचं त्याला धैर्य दे."

हे मी फक्त मामांनाच सांगितलं होतं. तो डबा भरणारी माझ्या शेजारीच बसली होती.

सगळी मंडळी आमेन म्हणाली. ती म्हणाली नाही.

त्या लाकडी खोक्याला निदान दार तरी असतं.