मामाजींच्या अंगठ्याचा साक्षीदार

आज सकाळी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना घेऊन बुलढाण्याच्या माजी सैनिकांच्या ऑफिसात गेले होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा उजवा अंगठा गेला. त्या जखमेचं मेडल त्यांना आता या वयात हवंय. अंगठा गोळीनं गेला, एवढंच आम्हाला घरी माहीत होतं.

तिथल्या साहेबांनी हात उलटसुलट करून पाहिला. "बाबा, हे गोळीचं वाटत नाही. कुत्र्यानं तोडला काय?"

"माणसानं तोडला," मामाजी म्हणाले. "खंदकात अंगावर आला. म्या त्याचा गळा धरला, तं हात सटकून अंगठा त्याच्या तोंडात गेला. त्यानं कटकन हाड मोडलं. डाव्या हातानं म्या गळा सोडला नाही, तो थंड पडेपर्यंत."

साहेबांनी हात सोडून अर्ज पुढं ओढला. मग म्हणाले, "पाहणारं कोणी होतं काय? साक्षीदार लागते."

"तोच होता. त्यालेच तं मारलं."

दुपारच्या एसटीनं आम्ही नांदुऱ्याला घरी परतलो.

आत्ता ते उरलेल्या चार बोटांनी माझ्या लेकीला दुधात भाकर कुस्करून भरवताहेत. रोजच भरवतात. आज मात्र तिला पटकन उचलून घ्यावंसं वाटतंय, आणि त्याची लाजही वाटतेय. तुम्ही काय केलं असतं?