वाडीच्या पपईचा चीक

माझ्या मुलीचा वरचा ओठ मी भाजला. विस्तवाने नव्हे, पपईच्या चिकाने. पण कातडीला तो फरक कळत नाही. पपई बाजारातली नव्हती, आमच्या घरच्या वाडीतली होती, आणि हे मी त्या वेळी भेटेल त्याला अभिमानाने सांगत होतो. भाजलं ही पहिली चूक. दुसरी तिच्याहून वाईट आहे. ती सांगायला धीर यावा म्हणून मी पहिलीपासून सुरुवात करतो.

आमच्या घराण्यात केस भरपूर. पापडी गावाच्या पुढे आमची वाडी आहे, तिथल्या घरात वडिलांचा फोटो आहे. त्याला हार घालताना आधी मिशी दिसते, मग वडील. मी डोक्यावरचे केस गमावून बसलो, पण मिशी शाबूत राखली. एव्हरशाईन सिटीत आम्ही राहतो त्या सोसायटीचा वॉचमन नव्या माणसाला माझं घर मिशीवरूनच सांगतो. न्हाणीघरातल्या फळीवर माझी बारीक कात्री, फणी, तेलाची बाटली आणि छोटा आरसा असा संसार मांडलेला असतो. रोज सकाळी मी तिथे उभा राहतो तेव्हा बाहेर कोणाला कितीही घाई असो, दार वाजवायची पद्धत नाही.

हाच वारसा मुलीकडे गेला तेव्हा मात्र त्याला ‘प्रॉब्लेम’ म्हणायचं ठरलं. माझ्या ओठावर असला की रुबाब, तिच्या ओठावर आला की लोक काय म्हणतील. शाळेत असतानाच तिला मुलं चिडवत. मी म्हणायचो, दुर्लक्ष कर. हे सांगताना मी मिशीवरून हात फिरवत असे, हे मला बायकोने नंतर लक्षात आणून दिलं.

त्यात तिची कातडी फार नाजूक. डास चावला तरी आठवडाभर गांधी राहते. पार्लरमध्ये थ्रेडिंग केलं की ओठावर बारीक पुरळ उठायचं. एकदा वॅक्स केलं तर मेणाबरोबर कातडीही निघाली. मग ती नोकरीला लागली आणि स्वतःच्या पैशाने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं, ते ठीक आलं. घराण्यात कोणाला आहे का, असं विचारलं. मुलगी म्हणाली, “पप्पांना.” डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, धागा नको, मेण नको, चेहऱ्याचा छोटा रेझर मिळतो, तो हलक्या हाताने फिरव, वर साधं क्रीम लाव, पुढे कातडी शांत राहिली तर लेझरचं बघू. मुलीने तसं सुरू केलं. पुरळ थांबलं. म्हणजे बघा, तिचा प्रश्न सुटला होता. घरात कोणाला तो पुन्हा उकरून काढायची गरज नव्हती.

मी उकरला. माझ्या फळीवर एक दिवस मला तो गुलाबी रेझर सापडला. माझ्या फळीवर!

“हे काय?” मी हॉलमध्ये येऊन विचारलं.

“रेझर,” मुलगी म्हणाली. तिचं जेवण चाललं होतं.

“मुलीच्या जातीने दाढी करायची?”

“दाढी नाही पप्पा, ओठ.”

“अगं, एकदा ब्लेड लागलं की केस दाट येतात. जाड येतात. साधी गोष्ट आहे.”

“हो? मग तुम्ही डोक्यावरून का नाही फिरवत?”

बायको ताक ढवळता ढवळता इतकी हसली की रवी बाजूला ठेवावी लागली. मी मात्र अपमान झाल्यासारखा आत गेलो. विचार केला असता तर मुलीने मला एका वाक्यात उत्तर दिलं होतं. गेली तीसेक वर्षं मी हनुवटी घोटतोय; मी म्हणतो ते खरं असतं तर आतापर्यंत माझ्या तोंडावर नारळाचा काथ्या उगवायला हवा होता. पण पटलेली गोष्ट मान्य करायची सवय आम्हा लोकांना नाही.

त्याच सुमारास माझ्या भाचीचं लग्न ठरलं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताईचं सासरही वाडीवालं, आमच्या वाडीला लागूनच, त्यामुळे दोन्ही वाड्या तीच बघते. भाचीला सख्खी बहीण नाही. माझी मुलगी आणि ती एकाच झोपाळ्यावर वाढल्या. तिच्या लग्नात करवली मीच, नवरीच्या मागे पाण्याचा करा घेऊन मीच उभी राहणार, हे मुलीने फ्रॉकात असतानाच जाहीर केलेलं होतं. त्यासाठी तिने जांभळी नऊवारी शिवून घेतली, रजा टाकली.

आणि ताईचा फोन आला. आमची घरची बोली वेगळी आहे. मी इथे साध्या मराठीत सांगतो.

“बायच्या ओठाचं काय करणार आहेस? नवरीच्या मागे उभी राहायची. आताचे कॅमेरे मुंगीचे पाय मोजतात.”

“ती ब्लेड वापरते,” मी हळूच सांगितलं.

“अरे देवा! पुरुष होईल ती. आपल्या वाडीत पपई लगडलीय, आणि हिला ब्लेड कशाला? कच्च्या पपईचा चीक, त्यात हळद. लावायचं, सुकलं की चोळून काढायचं. मुळासकट जातात.”

आम्हा वाडीवाल्यांची एक श्रद्धा आहे. जे आपल्या मातीतून आलं ते आपल्याला बाधणार नाही. कंपनीच्या डबीवरचं बारीक अक्षर आम्ही चष्मा लावून वाचतो. पण घरच्या झाडाचं काहीही डोळे मिटून तोंडाला फासतो. वास्तविक चीक काढताना हाताला खाज सुटते, म्हणून आमचे वडील हाताला खोबरेल लावत. हे मी लहानपणापासून बघितलेलं. तरीही चीक म्हणजे औषध, आणि डॉक्टरीणबाईंचं क्रीम म्हणजे केमिकल, अशी माझ्या डोक्यातली विभागणी पक्की होती.

सकाळी चीक जास्त येतो म्हणून उजाडताच मी स्कूटरवरून पूल ओलांडून वाडीत गेलो. ताई विहिरीपाशी वाटी घेऊन तयारच होती. हिरव्यागार पपईवर तिने बारीक चिरा पाडल्या. हे काम तिने ब्लेडने केलं, आणि त्यातला विनोद आम्हा दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आला नाही. पांढरे थेंब वाटीत जमले. तिने हळद कालवली, वर केळीच्या पानाचा तुकडा बांधला आणि म्हणाली, “थोडं जळजळलं तर समजायचं, लागू पडलं.”

घरी आलो तेव्हा मुलगी नुकतीच उठली होती. वाटीकडे बघून म्हणाली, “पप्पा, मला नको.”

“आत्याने प्रेमाने दिलंय.”

“मग आधी हातावर लावून बघू. कोपराच्या आत. उद्यापर्यंत काही झालं नाही तर ओठाला लावू. डॉक्टरांनी सांगितलंय, नवीन काहीही आधी तसं लावून बघायचं.”

“घरच्या पपईची कसली टेस्ट? लहानपणापासून खातेस ती.”

“खाते, पप्पा. पिकलेली खाते. तोंडाला चीक नाही लावत.”

बायको आतून म्हणाली, “अहो, तिला नको म्हणते ना?” मी म्हणालो, तुम्ही दोघींनी वाडीला आधीच परकी करून टाकलंय. हे वाक्य मला फार जमलं असं तेव्हा वाटलं. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीवर बसली आणि तोंड वर केलं. माझं मन राखायला. लहानपणी औषध पाजताना बसायची तशी.

मी बोटाने लेप लावला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “जळतंय.”

“लागू पडतंय.”

“पप्पा, खूप जळतंय.”

“थांब जरा. सुकू दे.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा बायकोने येऊन मला बाजूला ढकललं आणि तिला नळाखाली नेलं. हळद धुतली गेली. खालची कातडी लालबुंद होती. संध्याकाळपर्यंत फोड आले. केस मात्र सगळे जागच्या जागी होते; आमच्या घराण्याचे ते.

डॉक्टरीणबाई मला काही बोलल्या नाहीत, मलम लिहून दिलं. बायको बोलली. “तुमच्या बहिणीची पपई आणि तुमची अक्कल, दोन्ही कच्ची.”

लग्नापर्यंत फोड सुकले, पण ओठावर काळपट खपली धरली. तोंड उघडलं की ती तडकायची. मुलगी लग्नाला आली नाही. जांभळी नऊवारी कपाटात राहिली, आणि नवरीच्या मागे नवऱ्याकडची एक मुलगी करा घेऊन उभी राहिली.

आता दुसरी चूक. मांडवात जो तो विचारत होता, करवली कुठे? ताई माझ्याकडे बघत होती. पपईचं नाव निघालं असतं तर तिचं निघालं असतं, आणि तिच्या पाठोपाठ माझं. भोवती सगळे नातेवाईक. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “हल्ली ब्लेड वापरते ना. त्याने झालं.”

खोटं इतक्या आवडीने खाल्लं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना हेच ऐकायचं होतं. पंगत बसली, मसालेभात आला तोवर ते ब्लेड गंजलेलं झालं होतं. जिलेबी येईपर्यंत ते माझंच वापरलेलं होतं. मठ्ठ्याला तर एका काकूंनी, नोकरी करणाऱ्या मुलींचं हे असंच होतं, असा सारांशही काढून टाकला. मी जिलेबी दोनदा घेतली.

परतताना रिक्षात बायको म्हणाली, “तिला तुम्ही सांगणार, की मी सांगू?”

“वेळ बघून सांगतो.”

“मुहूर्त काढायचाय का?”

मुहूर्त लागला नाही. त्याआधीच मुलीच्या फोनवर मामी-मावश्या-काकूंचे उपदेश यायला लागले. ब्लेडने चेहरा कसा बिघडतो याचे व्हिडिओ. ती फोन घेऊन माझ्यासमोर आली. “पप्पा, ब्लेडने झालं असं कोणी सांगितलं?”

“लोक काहीही बोलतात गं,” मी म्हणालो.

ती फोन घेऊन आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण पाणी हवंय का, दार लावू का, इतकंच. ऑफिसला मास्क लावून जायला लागली. घरात काढायची, आणि मी समोर आलो की पुन्हा लावायची.

भाची माहेरी पाचपरतावणाला आली तेव्हा तिने मुलीला फोनवर धरलंच. “तू आली नाहीस तर मी जेवणार नाही.” म्हणून मुलगी आली. ताईच्या ओटीवर बायका बसल्या होत्या, आम्ही पुरुष पुढच्या पडवीत. मधे फक्त उंबरा. वालाची भाजी आणि पुऱ्यांचा वास येत होता. मास्क लावून जेवता येत नाही. तिने तो काढला तसं एका काकूंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

“बघू. हूं, डाग राहिला. सांगितलं होतं का नव्हतं, बाईमाणसाने ब्लेडला हात लावू नये?”

“एवढी शिकलेली,” दुसरी म्हणाली, “आणि स्वतःच्या हाताने तोंड बिघडवून घेतलं.”

“बहिणीच्या लग्नाला मुकली ना पण,” तिसरी म्हणाली.

मुलगी एक वाक्य बोलली असती तर सगळं संपलं असतं. वाटी कोणी आणली, बोट कोणाचं होतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण ते तिच्या आत्याचं घर होतं, आणि पडवीत बाप बसलेला होता. तिने नुसतं पानावरचं मीठ बोटाने सारखं केलं.

तेवढ्यात ताई पुरी वाढता वाढता म्हणाली, “डाग जाईल गं. पिकलेली पपई चोळ रोज. जाताना देते.”

“नको आत्या.”

“ब्लेड चालतं, आणि आपल्या वाडीची पपई नको?”

ओटीवर हसू फुटलं. भाचीचा नवराही, बिचारा नवखा, इतरांबरोबर हसला. मुलीची मान खाली होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला पडवीतून दिसत होत्या.

मी पानावरून उठलो. अर्ध्या जेवणातून उठायचं नसतं, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात खरकटाच होता. उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “ब्लेडने नाही झालं. तिच्या रेझरने तिला कधीच काही झालं नव्हतं. हे पपईच्या चिकाने झालं. इथून वाटी मी नेली.”

ताईच्या हातातली पुरी तशीच राहिली. “लावायला मी सांगितलं होतं रे,” ती बारीक आवाजात म्हणाली.

“तू सांगितलंस, ताई. लावला मी. ती आधी हातावर लावून बघूया म्हणत होती, मी ऐकलं नाही. जळतंय म्हणाली, तरी मी थांब म्हटलं. आणि मांडवात ब्लेडचं सांगितलं तेही मीच. खोटं सांगितलं.” मग मुलीकडे बघितलं. तिने मान वर केली होती. मिशीआड लपायची सोय असते, पण आवाजाला ती नसते, माझा फाटला. “तुझं काहीच चुकलं नव्हतं, बाळा. चुकलं माझं. तुला दुखवलं ते चुकलं, आणि तुझ्यावर ढकललं ते त्याहून जास्त चुकलं. मला माफ कर.”