सोपानचा कान

सोपान गेल्याचं कळलं तेव्हा मी लोणावळ्यातल्या माझ्या दुकानात एका रेकॉर्ड प्लेयरची वायर जोडत होतो. वराळ्याजवळच्या दगडखाणीतला त्याचा सोबती एसटीनं आला आणि दारातूनच म्हणाला, "भाऊ, सोपान गेला. सुरुंगात." मी विचारलं, "सुरुंगाआधीची शिट्टी झाली नव्हती का?" "झाली की. आमी समदे पळालो. त्यो तितंच उभा व्हता, पाठमोरा..." तो माणूस अजून चक्रावलेला होता. मी नव्हतो. मला कारण माहीत होतं, आणि पाच आठवडे झाले तरी कुणाला सांगायची हिंमत झाली नव्हती.

सोपान टाकवे बुद्रुकचा. पंधरा वर्षं तो खाणीत मशीननं दगडाला भोकं पाडत होता. एकोणसत्तर साली रेडिओ दुरुस्तीला घेऊन आला तो माझा झाला. बंगलेवाले मुंबईकर कंटाळा आला की त्यांच्या इंग्रजी एल.पी. मला देऊन टाकत, त्यातलीच एक मी लावली होती. सोपाननं प्लेयरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवला आणि विचारलं, "ह्यो खालून घुमतोय त्यो कोन?" म्हटलं, बास गिटार. चार जाड तारा, सगळं काम खर्जात. "लय गुनाचा मानूस हाय," तो म्हणाला. पुढचा प्रत्येक रविवार त्यानं माझ्याकडे काढला.

इंग्रजीचं अक्षर येत नसताना त्यानं रेकॉर्डींचे नंबर लावले होते. पहिला नंबर निळ्या वेष्टनावर रिकामी होडी असलेलीचा. तिच्यातल्या तिसऱ्या गाण्यात बास एकटाच चार पावलं पुढे निघतो आणि बाकीचे मागून येतात. दुसरा, बिनचित्राच्या काळ्या वेष्टनाचा. तिच्यात बास दोन सूर सोडून कुठे जातच नाही, पण तो थांबला तर सगळं गाणं खाली बसेल. गायक कसा वाटला म्हणून विचारलं की सोपान हसून विषय बदलायचा. मी त्याला चोखंदळ समजलो. खंडाळ्याच्या एका हॉटेलात शनिवारी बास वाजवणारा एक गोवेकर होता, त्याला मुद्दाम बोलावून मी सोपानला समोर बसवलं. रेकॉर्ड चालू असताना सोपान बोटानं अचूक दाखवत गेला, इथं तार बदलली, इथं थांबला. गोवेकर म्हणाला, "ऐसा कान मैंने नहीं देखा." मी छाती फुगवून आठवडाभर गावभर सांगत हिंडलो. मूर्खपणाला काही सीमा असते की नाही?

गेल्या दिवाळीनंतर मी बासरीची एक रेकॉर्ड लावली. नुसती बासरी. दोन-तीन मिनिटं झाली असतील. सोपान पेटीवर हात ठेवून वाट बघत होता. मग म्हणाला, "भाऊ, लावा की. बिघडलंय का काय?"

बासरी ऐन भरात होती. इतकी वर्षं तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे का बघायचा, गायकाबद्दल का बोलत नव्हता, सगळं एका क्षणात उलगडलं. मशीननं त्याच्या कानातले वरचे सूर केव्हाच खाऊन टाकले होते आणि तळाचा खर्ज तेवढा शिल्लक होता. मी ओरडून विचारलं, "मग खाणीतली शिट्टी?" म्हणाला, "न्हाई येत. दुसरे पळाले की मी बी पळतो." आणि माझा हात धरला. "मुकादमाला कळलं तर घरी बसवंल. माज्या पोरीची शप्पत हाय तुमाला, कुटं बोलू नका." मी शपथ पाळली. मोठा आलो शब्दाचा पक्का!

त्यानंतर महिन्याभरानं त्याची बायको, इंदूवहिनी, बाजाराला आली तशी दुकानात आली. उभ्याउभ्याच तिनं विचारलं, "भाऊ, ह्येन्ला नीट ऐकू येतंय का?" मी हसलो. अगदी सहज हसलो. म्हणालो, "वहिनी, त्याच्यासारखा कान अख्ख्या मावळात नाही." ती पिशवी उचलून गेली.

सुरुंगाच्या त्या दिवशी म्हणे त्याच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये एक मोठा धोंडा आला होता. पळणारी माणसं त्याला दिसलीच नाहीत.

हा लेख छापायला देण्याआधी परवा मी टाकव्याला गेलो. पेपरातून तिला कळावं इतका मी हलकट नाही. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, बासरी, शपथ, माझं खोटं. तिनं शिव्या द्याव्यात म्हणून वाट बघत होतो. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "धा वर्सं संसार केला, मला कळंना व्हय?"

"मग मला कशाला विचारलंत?"

"माझं त्ये ऐकत न्हवते, भाऊ. तुमचं ऐकायचे. तुमी निस्तं 'न्हाई येत' म्हनला असता, तर आपुन दोघांनी त्येन्ला घरी बसवलं असतं. त्येवढ्यासाटी आलते मी..."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्यासाठी चहाचं आधण टाकलं.